आप्पांच्या सामानातला टीव्ही

"टीव्ही लावून दिला की त्यांचं काही म्हणणंच नसतं," भरताला फोडणी घालता घालता वहिनी म्हणाली. "तिथेही तेच करायचं. काकांच्या मागच्या खोलीत टीव्ही लावून दिला, की आप्पांना काय, इथे काय आणि गावी काय!"

आई खाली बसून मिरच्यांची देठं काढत होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता, त्यामुळे वहिनीलाही मोठ्यानेच बोलावं लागत होतं. मी गॅलरीच्या दारात वाळलेले कपडे घेऊन उभी होते. आमच्या घरात गेली काही वर्षं हे असंच चालत आलं आहे. आपलं कुणाला ऐकू जात नाही असं धरून सगळे ओरडून बोलतात, आणि मग सगळं सगळ्यांना ऐकू जातं. आप्पा सोडून.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना गावी पाठवायचं ठरलं होतं हे मला तेव्हा, असं कपड्यांच्या ढिगाआडून कळलं.

मी बाहेरच्या खोलीत आले. टीव्हीवर कार्टून लागलं होतं. भाची, म्हणजे दादाची मुलगी, समोर मांडी घालून बसली होती. तिच्या हातातला वरण-भाताचा घास हवेतच थांबला होता. आप्पा भिंतीजवळच्या खुर्चीत होते. त्यांचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं. ते भाचीच्या तोंडाकडे बघत होते, ती आता काहीतरी बोलेल अशा आशेने. ती बोललीही, "आज्जो, पाणी," पण डोळे पडद्यावर ठेवून. आप्पांना तिचा नुसता गाल दिसला.

आप्पा उधन्याला कापड विणायच्या लूमवर होते. मी जन्मायच्या आधीपासून. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, शिरलं की आवाज कानात नाही, छातीत घुसतो. लहानपणी एकदा आईबरोबर मी त्यांचा डबा द्यायला गेले होते. तिथे कुणीच आवाज काढून बोलत नव्हतं. एक कारागीर या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि दोघं नुसते ओठ आणि भुवया हलवून कसल्यातरी गोष्टीवर पोट धरून हसत होते. मला वाटलं, हे मोठ्या माणसांचे खेळ असतील. नंतर कळलं की तिथे सगळेच असं बोलतात, मराठी, उडिया, भय्ये, सगळे. कान हळूहळू जातात आणि डोळे शिकतात. आप्पांचे कान पूर्ण गेले तेव्हा त्यांनी लूम सोडलं. अजूनही सकाळी ते जुन्या खात्याच्या फाटकाशी असलेल्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जातात. तिथे त्यांच्यासारखेच चार म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत चहा पितात आणि मनसोक्त गप्पा मारतात. आवाज न करता.

घरी मात्र आप्पा गप्प असायचे. आम्ही समजलो, त्यांचा स्वभावच तसा झाला.

टीव्ही आमच्याकडे आधी लहान होता, मग दादाच्या लग्नात मोठा आला, भिंतीवर टांगायचा. पांडेसऱ्यातलं आमचं घर एवढंसं, त्यामुळे खोलीत कुठेही बसलं तरी माणूस त्याच्याच समोर बसतो. आप्पांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला गेला. मग शेजारच्यांना त्यांचा ऐकू येईना म्हणून त्यांनी वाढवला. संध्याकाळी आमच्या मजल्यावरून चालत गेलं तर एकाच मालिकेतली एकच सून एका दारात रडायला लागते आणि शेवटच्या दारापर्यंत रडत जाते. पाहुणे आले की आई पदर सावरत आधी रिमोट शोधते. पाण्याचा ग्लास नंतर. पाहुण्यासमोर टीव्ही बंद ठेवणं म्हणजे त्याला चहा न विचारण्यासारखं. मग पाहुणे टीव्ही बघतात, आम्ही टीव्ही बघतो, आणि तासाभराने "बरं वाटलं भेटून" म्हणून ते उठतात.

एकदा शेजारच्या मावशी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. त्या हाका मारत होत्या. भिंतीला भिंत लागून आमचं घर, पण मालिका संपून जाहिराती लागेपर्यंत कुणालाच कळलं नाही. त्यांच्या सुनेलाही नाही, ती बाहेरच्या खोलीत तीच मालिका बघत होती. मावशींचा पाय बरा झाला. पण पुढे कितीतरी दिवस त्या म्हणायच्या, "मी तर मालिकेतल्या त्या सुनेच्या नावाने बोंब मारायला हवी होती, लगेच धावून आले असते सगळे." सगळे हसायचे. मीही हसले.

दादा हजिऱ्याला एका प्लांटमध्ये शिफ्टमध्ये काम करतो. त्याला बातम्या लागतात. खरं तर बातम्या नाहीत, त्या चौकोनांमधली भांडणं. शेजारच्या एका गुजराती काकांच्या गाडीवर मागे बसून तो कितीतरी वर्षं कामाला जायचा. एका संध्याकाळी टीव्हीवर कुणीतरी काहीतरी बोललं, त्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला. त्यानंतर दादा कंपनीच्या बसने जायला लागला. टीव्हीवरचा तो माणूस दोघांनाही कधी भेटलेला नाही.

आणि मी. मला टीव्ही आवडत नसे असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला त्याचा आधार होता. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत इंग्रजी, वर्गाबाहेर गुजराती, रस्त्यावर हिंदी, घरी मराठी आणि आई-आप्पांची अहिराणी. कुठलीच भाषा बोलताना माझं तोंड नीट उघडत नसे. शाळेतल्या बाई त्याला सॉफ्ट स्पोकन म्हणायच्या आणि कौतुक करायच्या. आता मी रिंग रोडवरच्या एका ऑफिसात साड्यांचे फोटो वेबसाइटवर टाकायचं काम करते, तिथेही बोलावं लागत नाही. घरी आलं की टीव्ही चालू असतो, कुणी काही विचारत नाही, ताट घेऊन कोपऱ्यात बसता येतं. असं हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

गावी पाठवण्याचं कारणही सोयीचंच होतं. रात्रपाळी करून आलेल्या दादाला दिवसा झोप लागत नव्हती. भाची पहिलीत जाणार होती, तिला अभ्यासाला शांतता हवी होती. आई आणि वहिनी साड्यांवर खडे लावायचं काम घरी आणतात, त्या गठ्ठ्यांनाही जागा हवी. "आणि आप्पांसाठी आवाज तर मोठा ठेवावाच लागतो," दादा म्हणाला. "गावी मोकळं आहे. आई इथे लागते, नाहीतर पोरीला कोण बघणार? आप्पा थोडे दिवस राहतील." थोडे दिवस म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. आप्पांना त्याने समोर बसून, सावकाश सांगितलं. आप्पा म्हणाले, "बरं." टीव्ही त्यांच्याबरोबर जाणार होता. त्यांची करमणूक म्हणून. दादाला वाटत होतं की आपण मन मोठं करून देतोय, आणि तो मनापासूनच देत होता.

गावाकडचा एक ओळखीचा टेम्पो रविवारी सकाळी जाणार होता. दादाला पुढे वेळ नव्हता, म्हणून शुक्रवारीच त्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला. वहिनीने तो आधी गोधडीत आणि मग साड्यांच्या पार्सलच्या कापडात गुंडाळून सुतळीने बांधला. दाराजवळ उभा केला. भिंतीवर पांढरा चौकोन आणि चार भोकं राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि कुणाला कुठे तोंड करून बसावं ते कळेना. भाचीने सवयीने ताट भिंतीसमोर मांडलं, भोकांकडे पाहिलं आणि गर्रकन फिरून आमच्याकडे तोंड केलं. असे आम्ही गोल बसलो. भांड्यांचा आवाज येत होता. आप्पांनी भाकरीसाठी हात पुढे केला. आई टोपल्यातून भाकरी काढता काढता ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "तिसरी भाकर मांगी ऱ्हायना म्हातारा."

मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आलं.

"म्हातारा कोनले म्हनस?" आप्पा म्हणाले.

वहिनीचा हात डाळीत थांबला. दादाने मान वर केली. आईने पदर तोंडावर धरला आणि पदराआडून म्हणाली, "अय माय! यास्ले ऐकू येस?"

"ऐकू येत नही," आप्पा म्हणाले. त्यांना तो पदर दिसत होता, त्यामागचं तोंड नव्हतं, पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला. "मन्हाकडे देखीसन बोल, मंग देख."

आई हसली. हसताना लाजलीही. एवढ्या वर्षांत ती त्यांच्याशी शेजारी बसून, समोर टीव्हीकडे बघत बोलत आली होती, आणि ते ऐकत नाहीत म्हणून रुसत आली होती. मग तिने पदर खाली केला आणि आवाज न काढता त्यांना काहीतरी म्हणाली. ते काय होतं ते आम्हाला कळलं नाही. आप्पा मात्र एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

भाचीला नवा खेळच सापडला. समोरचे दोन दात पडलेलं तोंड मोठं उघडून ती आवाज न करता एकेक शब्द म्हणायची आणि आप्पा ओळखायचे. माकड. पतंग. घारी. घारी, म्हणजे इथली सणाची मिठाई, म्हटल्यावर तिला आठवलं की सणाला घारी खाऊन झाल्यात, मग ती पुढच्या सणापर्यंतची सगळी खाणी बिनआवाजात सांगत बसली. ती त्या दिवशी सगळं जेवली आणि कुणी भरवलं नाही. दादा रात्रपाळीचे बूट घालत बघत होता. बस चुकेल म्हणून वहिनीने त्याला दोनदा हटकलं.

शनिवारी संध्याकाळी मी आप्पांबरोबर गॅलरीत बसले. समोर डाइंगच्या मिलची चिमणी, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. मी त्यांच्याकडे वळून बसले आणि जमेल तेवढं तोंड उघडून विचारलं, "जायचं मन आहे का तुमचं?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. पुन्हा म्हण, अशी हाताने खूण केली. मी पुन्हा म्हणाले, या वेळी अहिराणीत, आणि मोठं तोंड करून. तसं करताना मला फार उघडं पडल्यासारखं वाटलं.

"तठे माले कोन वळखस आते?" ते म्हणाले. "लोके चांगला शेतस. पन समदा पाठमांगून बोलतीन." आणि मग, "आठे लारीवर माणसं शेतस मन्ही. तुन्ही माय शे."

"मग सांगा ना दादाला."

"पोऱ्याले झोप लागत नही ना." त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. कापडात बांधलेला टीव्ही तिथून दिसत होता. "त्याना आवाज भलता मोठा ऱ्हास का वं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांना माहीतच नव्हतं. ज्या आवाजापायी ते घर सोडणार होते, तो त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. आम्ही त्यांच्यासाठी तो वाढवत गेलो, आणि वाढवलाय हे त्यांना सांगायचंही कुणाला सुचलं नाही. टीव्हीवर माणसं तोंड हलवतात म्हणून ते सुरुवातीला बघायचे, आप्पा म्हणाले. पण ती माणसं दुसऱ्याच भाषेत ओठ हलवतात आणि त्यातलं काहीच ओळखता येत नाही, म्हणून मग त्यांनी बघणं सोडलं. "तुमले आवडस म्हनीसन बठस मी," ते म्हणाले.

त्यांना वाटायचं टीव्ही आमच्यासाठी आहे. आम्हाला वाटायचं त्यांच्यासाठी.

हे दादाला सांगायला हवं होतं. मी त्या रात्री जेवताना सांगणार होते. वाक्यही जुळवलं होतं. पण दादा डोळे चोळत उठला होता, वहिनी पिशव्या भरत होती, आई आप्पांच्या गोळ्या रुमालात बांधत होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. मी सवयीने वाक्य तसंच ठेवून भाकरी मोडली. टीव्ही असता तर मी त्याच्याकडे बघत बसले असते. तो नव्हता, म्हणून मी आईकडे बघत बसले, आणि ते फार अवघड होतं.

रविवारी सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. टेम्पो आला हे त्यांना आमच्या हालचालींवरून समजलं आणि ते उठू लागले. भाची त्यांच्या पायांना मिठी मारून होती. दादा दाराशी वाकून टीव्ही उचलत होता. "धर गं एका बाजूने," तो वहिनीला म्हणाला, "काच आहे, सांभाळून."

मी आप्पांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्यांच्याकडे तोंड केलं. आवाज निघत नव्हता. मग मी आवाजाचा नाद सोडला आणि लूमवरची माणसं बोलतात तशी, ओठ पूर्ण उघडून, एकेक शब्द वेगळा करून बोलले.

आप्पांनी बघितलं. पूर्ण बघितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले.

"माले समजनं," ते म्हणाले. "आते त्यासले सांग."

मी वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादा आणि वहिनी दोन्ही बाजूंनी टीव्ही धरून माझ्याकडे बघत होते, मी वाटेत का उभी आहे म्हणून. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती.

"टीव्ही लई जा," मी म्हणाले. "आप्पा आठेच ऱ्हातीन."