मंदाचं नाव कुठल्या गावात

प्रेमलता चुरी चिंचणीची. लग्न होऊन वेलवाडीला आली तेव्हा ती सातवी पास होती. वसईकडचं गास गाव ओलांडून पश्चिमेला गेलं की वेलवाडी लागते. पानवेलींचं आणि केळीचं गाव. नवऱ्याच्या, एकनाथच्या, हट्टामुळे तिनं पुढे मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि गावच्याच मुलींच्या शाळेत लागली. सासरे आत्माराम चुरी यांना ते फारसं पसंत नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. डोक्यावरचा पदर ढळू न देता सून चारचौघांत नीट बोलते, एवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं.

एकावन्न साली खानेसुमारी आली. स्वतंत्र भारताची पहिली. वेलवाडीच्या निरनिराळ्या आळ्यांसाठी मास्तर मंडळी नेमली गेली आणि खालच्या आळीसाठी प्रेमलताबाईंचं नाव निघालं. बाई माणूस घरोघर फिरून माणसं मोजणार, यावर पारावर बरीच चर्चा झाली. एकनाथ एवढंच म्हणाला, "बायकांची नावं बायकांनाच सांगतात लोक. तू जा."

वसईला कचेरीत या लोकांना दोन दिवस शिकवलं. शिकवणाऱ्या साहेबांनी ओघात सांगितलं, "ज्या वस्तीत पाच हजारांवर माणसं राहतात, तिला आपण शहर म्हणू शकतो. लाखाच्या वर गेली की मोठं नगर. त्याखालचं सगळं खेडं." कुणीतरी विचारलं, मग वेलवाडी? साहेब हसले. "दहा वर्षांपूर्वी तुम्ही साडेचार हजारांच्या आसपास होता. आता बघू."

हे "आता बघू" त्या संध्याकाळी प्रेमलताबाईंच्या आधी गावात पोचलं, आणि पोचेपर्यंत त्याचं भलतंच काही झालं होतं. पाच हजार भरले की गावाचं शहर होणार. शहर झालं की म्युनिसिपालिटी येणार. म्युनिसिपालिटी आली की ती बावखलं बुजवणार.

वेलवाडीत प्रत्येक बागेला एक बावखल असे. बागेत खोदलेलं तळं, पावसात भरायचं आणि उन्हाळाभर पुरायचं. त्यावर रहाट, रहाटाला रेडा, आणि त्या पाण्यावर पानवेली. दोनच वर्षांपूर्वी हिवतापाची फवारणी करायला आलेल्या माणसांनी साठलेल्या पाण्याकडे बोट दाखवून माना हलवल्या होत्या. मुंबईत डासांपायी विहिरी बुजवल्या, हेही सगळ्यांनी ऐकलेलं. त्यामुळे लोक घाबरले यात नवल नव्हतं. आत्मारामांचं बावखल त्यांच्या वडिलांनी स्वतः कुदळ मारून खणलं होतं.

देवळासमोर बैठक झाली. ठरलं ते असं, की खोटं बोलायचं नाही, फक्त सगळं सांगायचं नाही. तान्ही मुलं सोडायची, आजारी म्हातारी सोडायची, आलेगेले सोडायचे. पाच हजाराच्या आत राहिलो की सुटलो. हे बोलणारे आत्मारामच होते आणि गाव त्यांना मानत होतं.

प्रेमलताबाईंना ते माजघरात बसूनच ऐकायला मिळालं, कारण आत्मारामांनी घरी येऊन ओटीवर बसून पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं. ऐकणारी आणखी एक होती. मंदा.

मंदा आत्मारामांची धाकटी मुलगी. केळव्याला दिली होती. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून सासूनं तिचे हाल केले, आणि एका सकाळी ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आली ती परत गेली नाही. याला दोन वर्षं झाली होती. आत्माराम विचारणाऱ्याला सांगत, "माहेरपणाला आलीय." लेकीवर त्यांचा जीव होता, पण ती कायमची आली हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. महिन्या-दोन महिन्यांनी ते म्हणत, "आता जायला हवं बाई तू." मग मंदा दोन दिवस जेवत नसे.

मोजणी सुरू झाली. प्रेमलताबाई मोजणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरल्या. एका घरात घरधनी ठासून म्हणाला, लहान मूल कुणी नाही, आणि त्याच क्षणी आतल्या पाळण्यातून टाहो फुटला. माणूस गोरामोरा झाला. बाईंनी हसून विचारलं, "काय नाव ठेवलंत?" तेव्हा त्याची बायकोच पुढे येऊन कौतुकानं नाव सांगू लागली. पलीकडच्या वाडीत व्हिन्सेंट आणि सालोमी राहत. सालोमीनं तर घरातली झाडून सगळी नावं सांगितली. व्हिन्सेंट डोळ्यांनी खुणा करत होता. ती म्हणाली, "रविवारी मिस्सानंतर फादरनी सांगितलंय, सरकारला खरं सांगा. आता माणसं लपवू आणि मग पाप कबूल करायला कन्फेसारला जाऊ काय?"

प्रेमलताबाईंनी आपलं घर शेवटी ठेवलं होतं. ओटीवर त्या सासऱ्यांसमोर बसल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या बरोबरीनं. आत्मारामांनी स्वतःचं, बायकोचं, एकनाथचं नाव सांगितलं. सुनेचं सांगितलं आणि थांबले.

"आणि मंदा?" बाईंनी विचारलं.

"ती पाहुणी आहे."

"मामंजी, पाहुणा म्हणजे जो परत जाणार. नियम असा आहे की माणूस एरवी जिथं राहतं तिथं ते मोजायचं."

"ती केळव्याची. केळव्याला मोजतील."

"केळव्याला ती नाही. तिथले लोक तिचं नाव सांगणार नाहीत. मग ती कुठंच नाही असं होईल."

आत्माराम चिडले. "सूनबाई, एका माणसानं पाच हजार व्हायचे नाहीत, पण सगळ्यांनी एकेक सांगितलं तर होतील. तुला या घरचं पाणी नको झालंय का?"

मंदा मागच्या दारानं आली होती. सकाळपासून ती वेली बांधत होती, हात हिरवे झाले होते. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, लिही. मी इथंच राहते."

आवाज मोठा नव्हता. आत्मारामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बाईंनी नाव लिहिलं. मग पुढचा प्रश्न होता, पोटापाण्याचा. त्या वर्षी प्रत्येकाबद्दल विचारायचं होतं की तो स्वतःच्या कमाईवर जगतो, की थोडं कमावून दुसऱ्याच्या आधारानं, की नुसताच आश्रित. बाईंनी खालमानेनं विचारलं, "आश्रित लिहू?"

मंदाचे डोळे भरून आले.

"आश्रित कसली," आत्माराम एकदम म्हणाले. "पहाटे कोण खुडतं पानं? करंड्या कोण भरतं? मी गेल्या पावसापासून गुडघ्यांनी बसलोय. अर्धा मळा ती सांभाळते. कमावती लिही तिला." आणि ते उठून बागेकडे निघून गेले. जाताना त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

मार्च उलटला तेव्हा आकडे कळले. वेलवाडी पाच हजारांच्या वर गेली होती, थोडीशीच. बाकीच्या आळ्यांत वाढ बेताची होती. खालची आळीच फुगलेली दिसत होती, आणि ती का फुगली हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी बाईंशी बोलणं टाकलं. विहिरीवर त्या गेल्या की बायका घागरी उचलून चालू लागत. शाळेतल्या मुली कमी झाल्या. एकनाथ चिडून म्हणाला, "कुणाला भीत नाही मी." तरी त्याचा चेहराही उतरलेला होता. सासरे मात्र बाईंना एका शब्दानं बोलले नाहीत. यानं त्यांना जास्तच अपराधी वाटे. रोज पाणी भरायला जाताना त्या बावखलाकडे बघत आणि मनात म्हणत, हे माझ्यामुळे जाणार.

मग ते वसईचे साहेब स्वतः आले. बरोबर तलाठी. ज्या वस्त्या पाच हजारांच्या पुढे गेल्या होत्या त्या नजरेखालून घालायच्या, असं त्यांना काम होतं. अख्खं गाव मागं चालू लागलं. साहेब आळीआळीतून फिरले, बाजाराची चार दुकानं पाहिली, मळे पाहिले आणि चुरींच्या बागेत येऊन बावखलाच्या काठावर थांबले.

आत्माराम पुढे झाले. हात जोडून नव्हे, सरळ उभे राहून. "साहेब, हे बुजवणार ना तुम्ही?"

"का बुजवू?" साहेब गोंधळले.

"आम्ही शहर झालो. आता म्युनिसिपालिटी येणार."

साहेबांनी तलाठ्याकडे पाहिलं, मग प्रेमलताबाईंकडे. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते काठावरच्या दगडावर बसले. "हे पाहा आत्मारामराव. आम्ही शहर म्हणतो ते फक्त कोष्टकापुरतं. कुठे किती माणसं दाटीनं राहतात आणि कशावर जगतात, हे सरकारला कळावं म्हणून. म्युनिसिपालिटी आणायची तर तिचा कायदा वेगळा, हुकूम वेगळा. माझ्या शाईनं एक घमेलंभर मातीसुद्धा या पाण्यात पडणार नाही."

व्हिन्सेंटनं विचारलं, "म्हणजे शहर झालो तरी?"

"तरीही. आणि तसंही मी तुम्हाला शहर लिहिणार नाही. नुसत्या डोक्यांच्या संख्येनं शहर होत नाही. पाच हजारांच्या वरच्या वस्तीला शहर म्हणायचं की नाही हे तिथली राहणी बघून ठरवायचं असतं. इथं दहातले आठ पुरुष मळ्यावर जगतात. खेडंच आहे हे. मोठं खेडं."

क्षणभर कुणाला कळेना, हसावं की काय करावं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "खेडं आहे रे आपलं!" आणि सगळे एकदम बोलायला लागले. साहेबांनी रहाट चालवून दाखवा म्हटलं तर तिघं रेडा आणायला धावले. सालोमीनं गर्दीतून वाट काढत येऊन प्रेमलताबाईंचा हात घट्ट धरला. बाई तिथंच केळीच्या बुंध्याशी बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मंदा त्यांची पाठ चोळत होती आणि स्वतः हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत मुली यायला लागल्या. विहिरीवर बायकांनी काही झालंच नाही अशा थाटात गप्पा सुरू केल्या, आणि बाईंनीही काही झालंच नाही असं मानलं.

वैशाखात केळव्याहून मंदाचा दीर आणि एक वडीलधारे गृहस्थ आले. सून माहेरी राहते म्हणून लोक नावं ठेवतात, तेव्हा मंदाला पाठवा, असं म्हणणं होतं. आत्मारामांनी त्यांना पाणी दिलं, आंबे कसे आहेत ते विचारलं. दीर म्हणाला, "किती दिवस लेक पाहुणी म्हणून ठेवणार?"

"पाहुणी नाही ती," आत्माराम म्हणाले. "या घरची आहे. इथंच राहते, इथंच राहील."

माजघरात प्रेमलताबाई चहा टाकत होत्या. हे ऐकलं आणि किती साखर घातली याचं त्यांना भान राहिलं नाही. पाहुण्यांनी तो पाकासारखा चहा मुकाट्यानं संपवला आणि उन्हं उतरायच्या आत वाटेला लागले.