देवकीचा हात

कुर्ल्या धराव्यात तर कुंभारवाड्याच्या देवकीनेच. बांधाच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, तोही आत न बघता, आणि नांगीला बोट न देता जिवंत खेकडा बाहेर काढायचा, हे तिचं पोरवयापासूनचं काम.

१९३५ च्या भादव्यात ती तण उपटत भातातली आपल्या वाट्याची पात भांगलत असताना लाकडाच्या ठेकेदाराची जुनी मोटार शेताशी थांबली. डॅशबोर्डामागचा बल्ब गेला होता. दिव्याशिवाय संध्याकाळी अणशीचा घाट उतरायचा, तर तेलाचा काटा दिसणार नव्हता. ड्रायव्हर यशवंत बेळगावात काम शिकलेला, पण त्याचा पंजा त्या फटीत शिरेना. आता डॅशबोर्डाची अख्खी फळी खोलावी लागणार म्हणून तो करवादत होता.

"सरका," म्हणत देवकीने पदराला हात पुसले.

"अक्का, काच फुटंल! आधी दाबायचा, मग..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत जळका बल्ब तिच्या तळहातावर होता.

"तुला ह्ये कुणी शिकिवलं?" यशवंत खुळ्यागत बघत राहिला.

"शिकवायचं काय त्यात? कुर्ली बी नुसती वढली की पाय रोवती. आधी आत दाबायची, मग फिरवून काढायची." ती फणकारली. "नवा द्या हिकडं. माझी भांगलणीची पात ऱ्हायलीया."

तो दिवा पुढे कितीदा तरी गेला, पण यशवंतने फळी कधी खोलली नाही. देवकीच्या हातातली पात संपेपर्यंत ठेकेदाराची मोटार, ठेकेदारासकट, बांधाशी मुकाट उभी राहायची.