बेगमचा सिनेमा

आमचे हे, म्हणजे मैनुद्दीन, मंडईजवळच्या एका थिएटरात मशीन चालवायचे. भिंतीवर पोस्टर चिकटवण्यापासून सुरुवात केली आणि ऑपरेटर झाले. घरात बोलणं बेताचं, पण पडद्यावर चित्र जरा हललं की खाली कुणी शिट्टी मारायच्या आत यांचा हात मशीनवर.

मी, हुस्नबानू, त्यांची दुसरी. मला पहिल्या नवऱ्यानं साताऱ्यात टाकलं, यांची पहिली बायको, बेगम, तापात गेली, आणि आम्ही दोघांनी नव्यानं संसार मांडला. लोक म्हणाले, झालं गेलं विसरा. मी विसरले हो, पण गल्ली विसरेल तर ना! कुर्मा केला, की 'बेगमच्या हाताची चव वेगळीच'. पडदा शिवला, की 'बेगमचा निळा होता'. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? ती उलट बोलत नाही, चुकत नाही, मेली म्हातारीसुद्धा होत नाही! मला एवढंच हवं होतं, की या माणसाची एक तरी गोष्ट फक्त माझी असावी.

त्रेपन्न साली यांच्या थिएटरात एक जुना बोलपट परत लागला. बोलपट नवे नवे निघाले तेव्हाचा. बायको वारलेला मास्तर आणि नवऱ्यानं टाकलेली बाई लग्न करून पुन्हा उभी राहतात, अशी गोष्ट. म्हणजे आमचीच की! पण गल्लीत त्याला म्हणायचे 'बेगमचा सिनेमा'. ती म्हणे बायकांच्या बाल्कनीत बसून तो रोज बघायची. नायिकेसारखी वेणीही पुढे घ्यायची. शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या, "चल, उद्या जाऊ. बघू तरी एवढं काय आहे त्यात." यांना सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणून कामावर गेले.

सकाळी सदरा धुवायला घेतला, तर खिशात फिल्मची गुंडाळी. उजेडात धरली. एकाखाली एक तीच बाई, वेणी पुढे, तोंड उघडं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात बेगमचा फोटो नाही, म्हणून ही सोय होय! माझ्या हातच्या भाकऱ्या खायच्या आणि छातीशी हिला ठेवायची!

दुपारी थिएटरात गेले ती तुकडा बटव्यात घालूनच. मध्यंतरानंतर नायिका मास्तरासमोर उभी राहिली, वेणी पुढे घेतली, तोंड उघडलं, आणि चित्रानं एकदम उडी मारली. बाई गायब, नुसतं दार. खाली शिट्ट्या सुरू. "ए ऑपरेटर, झोपलास काय रे?" मी उठले आणि तरातरा जिना चढून मशीनच्या खोलीत शिरले.

"ही कोण?" तुकडा त्यांच्या नाकासमोर नाचवला.

"तुझ्याकडे आहे होय! सकाळपासून शोधतोय. दे, पुढच्या खेळाला जोडायचाय. कंपनीची प्रिंट आहे."

"खिशात कशाला घातली होती? बेगमसारखी दिसते म्हणून?"

"बेगम?" यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "बेगमचं नाक बसकं होतं."

"मग कापलीत कशाला?"

"तुला त्यात तोंड दिसतं. बोलणं कुठे दिसतं?" तुकड्याच्या कडेला बारीक वेडीवाकडी रेघ होती, तिच्यावर त्यांनी नख ठेवलं. आवाज त्यात असतो म्हणे.

"काय बोलते ती?"

हे मशीनकडे वळले. मग हळूच म्हणाले, "म्हणते, 'मी दुसरी, पहिलीचं उष्टंच माझ्या वाट्याला.' आज तू खाली बसणार होतीस ना."

मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. पण मत्सर कुठला गप्प बसतोय! "आणि बेगमसाठी काय काय कापलं होतंत?"

"काहीच नाही. मास्तराच्या पहिल्या बायकोच्या मरणाला ती दर खेपेला रडायची. एवढं कापा म्हणायची. मी म्हटलं, ऑपरेटर सिनेमा कापत नसतो."

तेवढ्यात जिन्याखालून मॅनेजर हिंदुराव ओरडले, "मैनुद्दीन, काय झालं रे मघाशी?"

"जुनी प्रिंट आहे साहेब, तुटली!"

मी खाली येऊन मुक्ताबाईंच्या शेजारी बसले. पुढचा सिनेमा काही मला दिसला नाही. बेगमला हे कळलं असतं तर तिचा केवढा जळफळाट झाला असता, एवढंच मनात येत होतं, आणि इतकं बरं मला निकाहाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.