चांदीच्या पत्र्यावर मालनकाकू

आमच्याकडे फोटो कमी निघतात आणि किस्से जास्त. एखादीच प्लेट धड येते, पण फुकट गेलेल्या प्रत्येकीचा किस्सा होतोच!

आम्ही म्हणजे तिघं. माझा इंदापूरला लग्नाचा आणि पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. बारामतीचे शेख सर केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. आणि कऱ्हाटीचे तात्या, ऊस आणि पेरूवाले. तिघांनाही डॅगेरोटाइपचं वेड. फोटोची ही अगदी जुनी रीत. चांदी चढवलेला तांब्याचा पत्रा, म्हणजेच प्लेट, आरशासारखा घासायचा, त्याला आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि मग लाल काचेखाली उन्हात धरून तो उठवायचा. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही. बिघडला तर तोच पत्रा पुन्हा घासायचा. चांदी काय झाडाला लागते?

सरांना यातली केमिस्ट्री आवडते, मला कॅमेरा. तात्यांना मात्र एकच फोटो हवा होता, बायकोचा, म्हणजे आमच्या मालनकाकूंचा. "कागदावरचा उडून जातुया. हिचा चांदीवर पायजे," म्हणायचे. आणि काकू काही केल्या बसायला तयार नव्हत्या!

*

तात्या ओसरीवर सकाळपासून मखमलीच्या कापडानं पत्रा घासत बसलेले. काकू दोनदा शेताकडं जाऊन आल्या, तरी यांचं चालूच.

"आवं, एवढ्या येळात माजी समदी भांडी निघाली असती!"

तात्या मान वर न करता म्हणाले, "तुजाच फोटो काढायचाय गं ह्याच्यावर."

काकूंनी पत्रा बघितला, त्यात बघून कुंकू सारखं केलं आणि म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या की असाच. आरसा झ्याक झालाय!"

*

या फोटोला वेळ फार लागतो, कॅमेऱ्याचं झाकण काही मिनिटं उघडंच ठेवावं लागतं. तेवढ्यात जो हलला तो प्लेटवर येतच नाही. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, पण अक्कल यायला इंदापूरचा एसटी स्टँड लागला. ऐन बाजाराच्या दिवशी, मुंगीला जागा नाही अशा गर्दीत आम्ही कॅमेरा लावला. प्लेट उठवली तर स्टँड रिकामा! बाकड्यावर झोपलेला एक म्हातारा तेवढा स्पष्ट आला होता.

मी ती प्लेट हौसेनं स्टुडिओत ठेवली. एक कंडक्टर पासपोर्ट फोटोला आला. बराच वेळ निरखून म्हणाला, "संपातला फोटो दिसतोय!"

*

दुसरी गंमत म्हणजे या प्लेटवर सगळं आरशासारखं उलटं येतं. एका कार्यकर्त्याला आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपुढं उभं राहून फोटो हवा होता. भर उन्हात बिचारा पुतळ्यासारखा उभा राहिला. फोटो सुरेख आला, पण फ्लेक्सवरचं त्याचं नाव उलटं.

"सर, ह्ये वाचायचं कसं?"

सर शांतपणे म्हणाले, "समोर आरसा धरायचा."

"म्हंजी आता मी मतदारांना आरसं वाटत हिंडू?"

*

पिंपळीच्या आबांना त्यांच्या बैलाचा फोटो पाहिजे होता. तात्यांची सवय अशी, की समोर कोणीही असो, झाकण काढायच्या आधी ते ओरडणारच, "हलायचं न्हाय!" बैलालाही ओरडले. आबा म्हणाले, "त्याला काय सांगताय? त्यो तुमच्यापरीस शाना हाय." आणि खरंच, बैलानं कानसुद्धा हलवला नाही. एवढी देखणी प्लेट आमच्या हातून आधी कधी झाली नव्हती.

काच लावायच्या आत या प्लेटला नखही लागू द्यायचं नसतं. सर काच आणायला वळले, तेवढ्यात आबांनी बैलाला नमस्कार करायला प्लेट उचलली आणि धूळ दिसली म्हणून उपरण्यानं खसाखसा पुसली.

"बगा, आता कसं चकाचक झालं!" मग जरा वेळानं, "पन बैल कुटं गेला?"



*

गेल्या वर्षी तात्यांची अँजिओप्लास्टी झाली. आम्ही सगळेच हादरलो होतो. ते घरी आले आणि थोड्या दिवसांनी काकू आपणहून म्हणाल्या, "काढा एकदाचा त्यो फोटो. पन मी एकटी न्हाय बसायची. तुमी शेजारी पायजे."

पत्रा सरांनी घासला, तात्यांनी खुर्चीतून चुका काढल्या. अंगणात दोघांना शेजारी बसवलं. काकू इरकली नेसून आल्या होत्या. तात्यांनी त्यांना बजावलं, "डोळं म्होरं. मान हलवायची न्हाय. श्वाससुदिक बारीक घ्ये."

मी झाकण काढलं. काकूंच्या नाकावर माशी बसली, तरी त्या हलल्या नाहीत. मी झाकण लावलं.

प्लेट उठली. काकू काय आल्या होत्या! इरकलीचा काठ, कुंकू, कपाळावरची आठी, सगळं जिथल्या तिथं. शेजारी तात्यांचा सदरा, हात, गुडघे. आणि डोक्याच्या जागी नुसता धूर, तोही काकूंच्या बाजूला सरकलेला.

"तात्या, तुम्ही मान वळवलीत?" मी विचारलं.

तात्या ओशाळले. "नीट बसलीय का न्हाय, एवढंच बगितलं."

"पुन्हा घेऊ," सर म्हणाले. "पत्रा घासून घेतो."

"घासा," तात्या म्हणाले.

काकूंनी प्लेट सरांच्या हातातून कडेला धरून अलगद काढून घेतली.

"घासू नका. लगीन झाल्यापास्नं आज पयल्यांदा वळून बगितलंय ह्यांनी माज्याकडं. काच लावा त्याला."