शून्य वजनाच्या गोण्या

सन १९९८. माझं वय तेव्हा बासष्ट.

शाळा माझी तिसरीपर्यंत. भूतखेत, लिंबू-मिरची, अंगात येणं... आयुष्यात कधी मानलं नाही, आजही मानत नाही. अंधाऱ्या गोदामात दिवा न घेता फिरलेला माणूस मी. साप चावेल एवढी एक भीती, बाकी कसली नाही. तुमच्या या भुताच्या गोष्टींच्या पानावर कोणी पिंपळाचं लिहितो, कोणी विहिरीचं. मी वाचतो आणि हसतो. पण माझ्या डोळ्यांदेखत झालं ते लिहितो आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

जळगावच्या एमआयडीसीत एक दाल मिल होती. तिथे मी हमालांचा मुकादम. गेटातून आत आलं की डाव्या हाताला काट्याची खोली, तिच्यासमोर मोठं गोदाम, आणि पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला शेठचं ऑफिस. काट्यावर गोणी चढली की तिचा नंबर आणि वजन काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टाकायचं. ते वायरीतून ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसायचं. त्याला सर्व्हर म्हणत.

हे टाकायचं काम माझी सून मंगल करायची. बारावी पास. मुलगा दीपनगरला कामाला, आठवड्याने घरी यायचा. शेठजवळ तिच्यासाठी शब्द मीच टाकला होता. "मुकादमाची सून कॉम्प्युटरवर बसते" असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या चैत्रात रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सगळं अडकायला लागलं. सगळे कॉम्प्युटर ठप्प. गेटवर तुरीच्या ट्रकांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या. शेठने मंगललाच जबाबदार धरलं.

"मुकादम, तुमची सून डबा खाता खाता कुठलं बटण दाबते?"

"ती डबा माझ्याजवळ बसून खाते, शेठ. तिथे बटण नाही, ठेचा आहे."

शेठ हसले नाहीत. "उद्या धुळ्याहून इंजिनिअर येतो आहे. हिच्या हातून होत असेल तर परवापासून हिने घरी राहायचं."

इंजिनिअर म्हणजे महाजन नावाचा तरुण माणूस. शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला साधा. त्याने सर्व्हरच्या पडद्यावर एक खिडकी उघडली. म्हणाला, "आबा, सर्व्हरला जो कोणी जो काही हुकूम देईल, तो त्याच क्षणी इथे उमटेल. कुठल्या कॉम्प्युटरवरून आला, तेही. चोर असो की चूक, इथून सुटत नाही."

मी म्हटलं, "मग असं करा. सुट्टीत मंगलला इथे तुमच्यासमोर बसवा. काट्याच्या खोलीला मी कुलूप लावतो. बघू कोण दाबतं."

शेठ कबूल झाले. मी स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

बसलो चौघं. हमाल बाहेर निंबाखाली भाकरी खात होते. काटा मोकळा, गोदाम बंद. पडदा कोरा. मंगलने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

आणि एक ओळ उमटली.

महाजन पुढे वाकला. "काट्याच्या खोलीतून आली..."

"बंद आहे ती," मी म्हटलं.

इंग्रजी मला येत नाही. मंगलने वाचलं. "गोणीच्या नंबराच्या जागी एल, ए, बी, एच. लाभ लिहिलंय, आबा... आणि वजन शून्य."

आता हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. महाजनही खळ्यात वाढलेला. तो हळूच म्हणाला, "त्या जागी फक्त आकडा चालतो. अक्षरं आली म्हणून सर्व्हर अडतो आहे. पण लाभ कोण लिहील?"

तेवढ्यात दुसरी ओळ. २. मग ३. मग ४. आकडे मला वाचता येतात.

शेठने मंगलकडे पाहिलं. तिने हात वर केले, सगळ्यांना दिसतील असे. "आबा, मन्हा हात बठ्ठासले दिखी ऱ्हायनात!"

मी उठलो. पटांगण ओलांडून गेलो. कुलूप जसंच्या तसं. खिडकीतून पाहिलं तर खुर्ची रिकामी, काटा रिकामा. गोदाम उघडलं. थप्प्या गप्प उभ्या. थप्पीला लावलेल्या फळीवर हात ठेवला, ती हललीही नाही. हमालांना विचारलं, "कोणी उठलं होतं का?"

"आबा, भाकर तं खाऊ द्या!" एकजण म्हणाला.

परत आलो तेव्हा आकड्यांनी तिशी ओलांडली होती. आणि तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुरुवातीला आकडे भराभर येत होते. आता उशिरा येत होते. दर काही आकड्यांनी अंतर वाढत होतं... गोणी पाठीवर घेऊन हमाल जातो, तसं. थप्पी उंच होत जाते, फळी चढावी लागते, परत यायला वेळ लागतो. ती चाल मी जन्मभर पाहिली आहे. खुर्चीत बसून बोटं चालवणारा तशी चाल धरणार नाही.

"वायर काढा," शेठ म्हणाले.

महाजनने काट्याच्या खोलीकडून येणारी वायर सर्व्हरच्या मागून उपटली. ती त्याच्या हातात होती आणि पडद्यावर ४७ आला. काट्याच्या खोलीच्याच नावाने. मग बऱ्याच वेळाने ४८. मग ४९.

आम्ही पन्नासची वाट पाहत राहिलो. पन्नास आलाच नाही.

शेठ घाम पुसत म्हणाले, "मुकादम, चूक हिची नाही. मान्य. पण हे बाहेर कळलं तर हमाल गोणीला हात लावणार नाहीत. हिला घरीच ठेवा."

"चूक नाही म्हणता, आणि शिक्षा तीच?"

ते उठून गेटाकडे गेले.

बाहेर कळायचं ते संध्याकाळपर्यंत कळलंच. मंगल गेटातून निघाली तेव्हा हमाल बाजूला सरकले, सुतक असल्यासारखे. घरी बायको म्हणाली, "पोरना आंगवर काहीतरी शे." मंगल चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या. मी नही जाव."

पुढे महाजनने काट्याचा कॉम्प्युटर बदलला, वायरी बदलल्या. अडकणं थांबलं. का आलं, का थांबलं, त्याला सांगता आलं नाही. मलाही नाही. कोणाला येत असेल तर कळवा, फक्त भूत म्हणू नका.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंगलचा डबा स्वतः भरला. आमच्यात सून सासऱ्याच्या मागून चालते. मी सायकल हातात धरली आणि म्हटलं, "तू पुढे चाल."

गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर सगळे हमाल होते. कप हातात धरून बघत राहिले. शेठ ऑफिसच्या दारात उभे होते. कोणाकडे न बघता मी काट्याच्या खोलीचं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि मंगलच्या खुर्चीवर आधी मी बसलो. सगळ्यांचं बघून होईपर्यंत बसलो.

मग उठलो, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.