पानाच्या आतलं औषध

आमच्या गावात फवारणीचा पंप पहिल्यांदा पाठीवर घेतला तो घनश्यामनं. मोहाडीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. तलावाखाली धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, आणि धान निघालं की त्याच ओलीवर लाखोरीचं कडधान्य; त्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. १९७५च्या सुमारास सोसायटीनं पितळी पंप आणला, तेव्हा भंडाऱ्याला तीन दिवसांच्या शिबिराला जायला दुसरं कोणी तयार झालं नाही. घनश्याम गेला. परत आला तो एक गोष्ट पक्की शिकून, आणि ती तो भेटेल त्याला सांगायचा.

"तुडतुडा पान खात नाही, मावाही खात नाही. ते रस पेतात. म्हनून हे औषध पानाच्या आत जाते, रसात मिसरते. रस पेला का मेला."

बायांना तर तो घरोघरी जाऊन बजावायचा, "फवारलेल्या लाखोरीची भाजी पंधरा दिवस तोडू नोका. धुऊन जात नाही हे. वरून लागलेलं नाही, आत भिनलेलं हाय."

फवारलेल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो कडुनिंबाची डहाळी रोवायचा. ती दिसली की गावातलं कोणी त्या बांधीत पाय टाकत नसे.

घनश्यामला आईबाप आठवत नव्हते. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, शकुनबाईनं. तिचं लग्न कारध्याला झालं तेव्हा सासरच्यांना तिनं आधीच सांगितलं होतं की भाऊ सोबत येईल. तो तिच्याकडेच मोठा झाला आणि मग बापाची दोन एकरं कसायला गावी परतला. तीस वर्षांचा झाला तरी लग्न जमलं नव्हतं, याचा घोर त्याच्यापेक्षा तिलाच जास्त.

१९७८च्या जानेवारीत लाखोरीवर मावा पडला. घनश्यामनं सकाळीच सोमाजीची सडकेकडची बांधी फवारली, डहाळी रोवली आणि पंप घेऊन तो शेजारच्या गावी गेला. दुपारच्या गाडीनं शकुनबाई आली. सडकेवरून गावात येताना तिला कोवळी, हिरवीगार लाखोरी दिसली. भावाला ही भाजी जिवापाड आवडते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिनं ओटीभर शेंडे खुडले.

माझी आई, ललिताबाई, विहिरीवर होती. शकुनबाई तिथंच भाजी धूत बसली. चांगली खुशीत होती.

"घनश्यामसाठी पोरगी पायली वो," ती म्हणाली. "कोनाची, ते आधी त्याले सांगीन, मंग तुमाले."

भाजी कुठली, हे आईनं विचारलं नाही. त्या दिवसांत घरोघरी तीच भाजी शिजत होती.

दिवस मावळता घनश्याम घरी आला तेव्हा शकुनबाई भिंतीला टेकून पडली होती. थंडीच्या दिवसात अंग घामानं भिजलेलं, तोंडातून लाळ, हातापायांना झटके. त्यानं तिची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. शिबिरात सांगितलेली सगळी लक्षणं त्याच्या समोर होती.

"बाई, भाजी कोठची?"

"सडकेवरच्या बांधीतली," ती कशीबशी बोलली. "चार पान्यानं धुतली रे. तुह्यासाठी झाकून ठेवली हाय."

सोमाजीनं स्वतः बैलगाडी जुंपली. मोहाडीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण फार वेळ गेला होता. तिथून भंडाऱ्याला न्यायला जीप मिळाली आणि वाटेतच तिनं भावाच्या मांडीवर प्राण सोडला. मुलगी कोणाची, कोणत्या गावची, हे तिच्यासोबतच गेलं.

तेरवीनंतर सोमाजी त्याला समजावत होता, "तुही काय चूक? तू तं डहाळी रोवली होती."

"ते डहाळी गावाले समजते, काका," घनश्याम म्हणाला. "परगावच्या मानसाले काय समजते? मी तिले कधी सांगतलंच नाही. साऱ्या गावाले सांगत फिरलो."

त्यानं पंप सोसायटीत नेऊन ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. पंप दुसऱ्यांनी घेतला. मावा काही थांबणार नव्हता. पण दरवर्षी लाखोरी फवारली गेली की घनश्याम त्या सडकेकडच्या धुऱ्यावर जाऊन बसायचा. पंधरा दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेस्तोवर. स्वतःची शेती त्यानं बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिली. लोक आधी हळहळले, मग हसले, मग त्यांना सवय झाली. लग्नाचा विषय कोणी काढला की तो उठून जायचा.

१९८५ साली मी गावी गेलो होतो आणि धुऱ्यावर त्याच्याजवळ बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. बाहेरगावची एक बाई बांधीत वाकून शेंडे खुडत होती. घनश्याम धावत गेला.

"टाका ते, माय. औषध मारलं हाय."

"धुऊन घेतो ना! तुह्या बापाचं वावर हाय का?"

त्यानं वाद घातला नाही. चिखलात उभ्या उभ्या हात जोडले. त्या बाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, पदर झटकला आणि निघून गेली. घनश्याम खाली बसला. सांडलेले शेंडे एकेक करून वेचू लागला. मीही वाकलो, तर म्हणाला, "तू हात नोको लावू." मग काडीनं धुऱ्यात खड्डा केला, सगळे त्यात पुरले आणि वरची माती किती तरी वेळ तळव्यानं दाबत राहिला.