स्नेहलताबाईंच्या भजनाची चाल

शांतवन साळवे चिखलीच्या एसटी आगारात पत्र्याचं काम करत. दिवसभर हातोडा धरून बोटं जाड झालेली, पण पेटीच्या पट्ट्यांवर तीच बोटं हलकी पडायची. इथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कुणाची माती असली की शांतवनभाऊ पेटी गळ्यात अडकवून भजन म्हणत पुढे चालत. घरापासून कबरस्तानापर्यंत गाणं थांबू द्यायचं नाही आणि ज्याच्या घरची मयत त्यानं गायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. रडणाऱ्यानं रडावं, गाणं इतरांनी सांभाळावं.

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या पत्नी स्नेहलताबाईंना एक जुनं भजन फार आवडे. जात्यावरच्या ओवीसारखी संथ चाल, दर कडव्याच्या शेवटी खाली उतरणारी. मंडळीच्या भजनांच्या पुस्तकात त्याचे शब्द छापलेले आहेत. चाल मात्र भाऊंना आईकडून मिळालेली, दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

बाईंना पोटाचा कर्करोग निघाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा एका सकाळी त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "अवो, माह्या वेळेस तुम्हाले गाता येनार नाही. ते भजन प्रेरणाले शिकवून ठेवा."

प्रेरणा चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते. नव्या हिंदी गाण्यांवर तिनं पोरापोरींचा चांगला गट जमवला आहे. ती लगेच आली, कीबोर्ड घेऊनच.

"याचा ठेका आपोआप वाजते," भाऊ म्हणाले. "मंग तू त्याच्यामागं कायले बसतं? राखणीले?"

"आबा, तुमच्या पेटीले भाता लागते, याले लाइट. बाकी सूर तेच हायेत."

"आधी पेटी शीक. मंग चाल देतो."

आतून बाईंचा आवाज आला, "तिले पेटी येईपर्यंत म्या थांबू काय?"

बाहेर आम्ही तिघंही हसलो. चाल मात्र भाऊंनी दिली नाही. प्रेरणा पुन्हा दोनदा आली, त्यांनी काहीतरी कारण काढलं. चाल दिली की बाई जातील, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं.

जानेवारीत बाई गेल्या.

मातीच्या दिवशी प्रेरणा नुसतं पुस्तक घेऊन आली. भाऊंजवळ वाकून म्हणाली, "आबा, एक ओळ तरी. हळूच माह्या कानात सांगा."

भाऊंनी रुमाल तोंडावर दाबला आणि मान हलवली. मयत त्यांच्याच घरची होती.

शवपेटी उचलली गेली. कुणीतरी सुरुवात करणं भाग होतं. प्रेरणानं तेच शब्द सुचेल त्या चालीवर धरले. चाल तिच्या हिंदी गाण्यांसारखी, झपझप. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. दर कडव्याच्या शेवटी आवाज वर चढायचा, आणि भाऊंचे ओठ मिटलेले असूनही गळा हलताना मला दिसायचा. कबरस्तानापर्यंत असंच चाललं.

महिन्याभरानं प्रेरणा कुणाची तरी पेटी मागून घेऊन आली. थोडी शिकलीही होती.

"आता तरी शिकवा, आबा."

"नाही."

"काऊन?"

"तिले ज्या चालीवर नेलं, तीच आता तिची. म्या दुसरी खरी म्हटली त तिले चुकीच्या गाण्यावर नेलं, असं होते."

प्रेरणानं पेटीचा भाता मिटला. मंडळीत ते भजन आता तिच्याच चालीवर म्हणतात. भाऊ मागच्या बाकावर पुस्तक उघडं धरून बसतात. गात नाहीत, कडवं संपलं की बोट पुढच्या कडव्यावर नेतात.